ओरखडा

माशेलच्या मैदानावर आम्ही नऊजण होतो,
कॅमेऱ्यांना दुधाच्या पिशव्या बांधून, पिशवीला भोक पाडून.
ब्रासनं तर बायकोची शॉवर कॅप चढवलेली लेन्सवर.
देवळातलं भजन संपलं,
तेल माखलेली अंगं धावत आली
आणि चिखलात आपटली, तशी नऊ बोटं एकदम दाबली गेली.

फोंड्याला माझं औषधांचं दुकान आहे.
डॉक्टरांची अक्षरं वाचून नजर तयार झाली असेल, लोक म्हणतात.
पण चेहरे मला अजून सापडत नाहीत.
हात येतो, अर्धी पाठ येते, कुणाचीतरी टाच.
त्या दिवशी चारशे बारा काढले,
ठेवण्यासारखे तीन.

पुढच्या रविवारी क्लब भरला
शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात, फळ्यावर चादर टांगून.
मडगावचे परीक्षक चहात साखर नको म्हणाले.
केंकऱ्यांचा उडी मारणारा पोर आला: वा.
मेर्सियाचा पिंपळाखालचा म्हातारा: डावीकडून थोडा क्रॉप करा.
माझा आला, ते पुढे झुकले.
हललाय. आणि वर हा ओरखडा कसला?
लेन्स पुसत चला.
सगळे हसले. मीही.
पुसत नाही, हे खरंच होतं.

दारात एक बाई उभी होती,
रबरी चपला, मुलाचा दंड घट्ट धरलेला.
विश्रांती गावडे. देवळामागं राहते.
"याची चांदीची साखळी गेली काल्यात. मामानं घातलेली.
तुम्ही एवढे सगळे तिथं होता,
कधी गेली तेवढं बघून सांगा."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं.
आमच्या घड्याळांचं तर विचारूच नका,
ब्रासचं वीस मिनिटं पुढे, माझं कॅमेऱ्यातलं
अजून मागच्या वर्षात.
शेवटी एक छत्री उपयोगी पडली,
वाऱ्यानं उलटी झालेली, सहाजणांच्या फोटोत आलेली.
तिच्या अलीकडचे इकडे, पलीकडचे तिकडे.

मग सुरू झालं मानेमागून मान बघणं.
एकाच मातीची पन्नास पोरं,
आणि ती चादरीजवळ उभी राहून बोट ठेवत गेली:
हा माझा. हा नव्हे.
हा माझा, कानावरून.
प्रकाश कुठून येतोय, रेषा कुठं जातेय,
त्या तासात कुणीच बोललं नाही.

छत्रीच्या आधी साखळी आहे.
छत्रीनंतर नाही.
मधे फक्त माझा, हललेला.

मोठा केला. आणखी मोठा,
चौकोन फुटायला लागेपर्यंत.
ओरखड्याला कड्या होत्या.
हवेत होती ती,
पिंपळाचं पान आणि एक तेलकट कोपर यांच्या मधोमध,
तुटून, अजून खाली न पडलेली.

परीक्षकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.
विश्रांती म्हणाली,
"फोटोंत दिसता, मगीर मेळना कित्याक?"

सोमवारी दुकान उशिरा उघडलं.
फोटो छापून नेला होता.
मी जिथून काढला तिथंच उभा राहिलो, कठड्याला पाठ लावून,
आणि हात करत राहिलो: अजून पुढे, ब्रास, थोडं उजवीकडे.
मग मीही उतरलो.
सापडलं ते असं: तेलाच्या बाटलीचं झाकण,
दोन सोड्याची बिल्लं, एक दाढ, बकरीची असावी,
आणि माझंच लेन्सचं टोपण, गेल्या काल्यात हरवलेलं.
साखळी नाही.

तन्वेश कठड्यावर बसून होता.
साखळीचं त्याला फारसं काही नव्हतं,
त्याला कॅमेरा हवा होता.
दिला.

रात्री बघितलं.
एकच काढलाय त्यानं:
कोपरापर्यंत चिखलात रुतलेली चार मोठी माणसं,
बाजूला त्याची आई, पदर खोचलेला,
एकाचंही तोंड कॅमेऱ्याकडे नाही
आणि तरी कोण कुठला ते पाठीवरून ओळखू येतंय.
वर, डाव्या कोपऱ्यात, एक बारीक रेघ.

मी मोठी केली. आणखी मोठी.
बायको म्हणाली, झोपा आता.
ओरखडाच होता.